ड्रायव्हरची सीट

लष्कराचे जुने मालवाहू ट्रक त्या कारखान्यात नवे होऊन बाहेर पडायचे. तिथल्या सीट शिवणाऱ्याचा थोरला भाऊ असाच ट्रक चालवायचा. रसद घेऊन गेला, तो परतलाच नाही. ‘बेपत्ता’ एवढंच वहिनीला कळवण्यात आलं.

एका ट्रकमधली ड्रायव्हरची सीट हाताला गरम लागली, नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी. ट्रक सावलीत उभा होता, इंजिन उतरवलेलं होतं. त्याने स्पंज बदलला, कव्हर बदललं. नवी सीटही तशीच गरम, शिवाय मधोमध दबलेली.

“उन्हाचं असेल,” फोरमन म्हणाला, पण केबिनजवळ काही आला नाही.

न राहवून त्याने वहिनीला बोलावलं. जेवणाच्या सुट्टीत ती आली, केबिनमध्ये चढली आणि सीटवर तळहात टेकवला. तिचा चेहरा क्षणभर उजळला, मग विझला.

“हे नाहीत, भावजी.”

“कशावरून?”

“संसार केलाय मी ह्यांच्याबरोबर. हे इतके जड नव्हते. कुणा दुसरीचा नवरा असेल.”

तो ओशाळला. “चुकलंच माझं. उतरा खाली.”

“घरी तरी कोण वाट बघतंय?” ती शेजारच्या सीटवर बसली. “आलेत तर विचारते, आमचे हे कुठे राहिले म्हणून.”

आणि तिने खरंच विचारलं.

सीटचा दबलेला भाग हळूहळू तिच्या बाजूला सरकला, कानात सांगायला माणूस वाकावा तसा. वहिनी ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

मग त्या रिकाम्या सीटला ती म्हणाली, “आणि तुम्ही नुसते बघत राहिलात?”