कॅसेटवरचा खेळ

लेक गेली. तिने शाळेत असताना लिहिलेला, वडिलांनी कधीच न पाहिलेला कॉम्प्युटरचा खेळ तेवढा एका कॅसेटवर उरला. कॅसेटवरून तो चालवणारा घरातला जुना कॉम्प्युटर मात्र आतून गंजला होता. निवृत्त तंत्रज्ञ असलेल्या वडिलांनी त्याच्या सर्किट बोर्डाची रेघ न् रेघ उतरवून घेतली आणि अकरा महिने खपून हुबेहूब तसाच नवा बोर्ड घडवला.

“सवत परवडली, पण हा बोर्ड नको,” असे रोज म्हणणारी बायकोच आज शेजारी येऊन बसली. “अहो, लावा ना आता, जीव टांगणीला लागलाय.”

कॅसेट फिरली. पडद्यावर लेकीचे शब्द उमटले.



“पहिला खेळाडू : मी. दुसरा खेळाडू : बाबा, सवड झाल्यावर.”