चालू दवाखाना

तिसरं मशीन मोनालीनं कामासाठी बाजूला काढलं आणि तेवढ्यात दुसऱ्या मशीनवर लाल दिवा लागला. पाठीमागं उभ्या असलेल्या मार्तंडरावांनाही तो दिसला. ते दवाखान्याचे व्यवस्थापक होते आणि सकाळपासून त्यांना याचीच धास्ती होती.

जालन्यातल्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यात पेशंटचे केसपेपर, एक्स-रे, सोनोग्राफी असं सगळं एकमेकांना जोडलेल्या चार मशीनमध्ये साठवलेलं होतं. प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती, तीन वेगवेगळ्या मशीनवर. त्यामुळं दुरुस्तीसाठी काहीच बंद करावं लागत नसे. एक मशीन बाजूला काढायचं, त्यातले प्रोग्रॅम नवे करायचे, ते परत जोडायचं. मधल्या वेळात राहून गेलेलं त्यानं भरून घेतलं, की मगच पुढच्याला हात लावायचा. या कामासाठी मोनाली सकाळीच छत्रपती संभाजीनगरहून आली होती. कंपनीनं तिला पहिल्यांदाच एकटीला पाठवलं होतं, म्हणून कामात व्यत्यय नको म्हणून तिनं फोनही बंद करून ठेवला होता.

मार्तंडरावांना हे काही पटलं नव्हतं. आज संगणक बंद राहतील, असा फलकच त्यांनी रंगवून आणला होता. मोनालीनं विनवण्या करून तो लावू दिला नाही. मग ते सारखे ओपीडीत चक्कर मारून येत आणि आपलाच विश्वास बसत नसल्यासारखे सांगत, चालू आहे. पहिल्या दोन मशीनचं काम नीट पार पडलं तेव्हा खूश होऊन त्यांनी चहाही मागवला होता.

आता त्याच दुसऱ्या मशीनमधली एक डिस्क गेली होती. जुनीच होती, कधी ना कधी जाणारच होती. नेमकी आज गेली. तिसरं मशीन बाहेर आणि दुसरं अधू. काही कागदांची आता एकच प्रत उरली होती.

सगळं बंद करा, असं मार्तंडराव म्हणाले. लागेल तितका वेळ घ्या, पण बंद करूनच करा. आवाजात राग नव्हता, काळजी होती. मोनालीलाही क्षणभर तेच बरं वाटलं. एकदा बंद केलं की घाई नाही, कुणाचा बोल नाही. तिचा हात कीबोर्डपर्यंत गेलाही. मग तिनं तो मागं घेतला.

"बंद केलं तर माझं काम सोपं होईल, सर," ती म्हणाली. "पण आत्ता आत कोण आहे आणि त्याला काय लागणार आहे, ते आपल्याला माहीत नाही."

 फलक भिंतीला टेकवून मार्तंडराव खुर्चीत बसले.

बिघडलेल्या डिस्कला मोनालीनं हात लावला नाही. तिसऱ्या मशीनचं काम अजून सुरू व्हायचं होतं, म्हणून तिनं ते होतं तसंच परत जोडलं. मधल्या वेळात हुकलेलं ते हळूहळू भरून घेऊ लागलं. बघत बसण्याशिवाय दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. प्रत्येक कागदाच्या निदान दोन प्रती झाल्या, तेव्हा कुठं ती खुर्चीला टेकली. मग तिनं पिशवीतली नवी डिस्क काढून दुसऱ्या मशीनमध्ये बसवली, ती पूर्ण भरू दिली आणि सावकाश उरलेल्या दोन मशीनकडे वळली. मार्तंडराव मधे एकदा बाहेर जाऊन आले. एक तातडीची केस आली होती, पण सगळं उघडतंय, चालू आहे, असं त्यांनी सांगितलं. या खेपेला त्यांच्या आवाजात अविश्वास नव्हता.

काम उरकलं तेव्हा उन्हं कलली होती. मोनाली कॅन्टीनमध्ये येऊन बसली. एक माणूस पेढे वाटत टेबलांमधून फिरत होता. आनंदाच्या भरात तो कुणाच्या तोंडाकडे बघतही नव्हता. पेढ्यांचा डबा तिच्यापुढं आला.

"घ्या ताई, मुलगी झाली," तो म्हणाला, आणि जागीच थबकला.

तो राजानंद होता, तिचा सख्खा भाऊ.

त्यानं एका दमात सगळं सांगितलं. भावनावहिनीचं नाव याच दवाखान्यात घातलेलं होतं, पण दिवस भरायला अजून अवकाश होता. सकाळी अचानक रक्त जायला लागलं. कुंभार पिंपळगावातून मिळेल त्या जीपनं ते निघाले आणि घाईत फाइल घरीच राहिली. मोनालीला फोन लावला तर तो बंद. इथं डॉक्टर अंतरा यांनी फक्त नाव विचारलं आणि जुनी सोनोग्राफी समोरच्या पडद्यावर उघडली. बाळाची वार खाली, पिशवीच्या तोंडाशी होती, रक्त त्यामुळंच जात होतं. रक्तगटही तिथंच मिळाला. वहिनीला तसंच ऑपरेशनला नेलं. वेळेत कळलं म्हणून मायलेकी दोघी सुखरूप राहिल्या, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या.

पेढा मोनालीच्या हातातच राहिला. हे कधी झालं, असं तिनं विचारलं. भावानं सांगितलेली वेळ लाल दिवा लागल्यानंतरचीच होती, तरी तिनं परत एकदा विचारलं.

वरच्या मजल्यावर तिची आई चांगुणाबाई नातीला मांडीवर घेऊन बसली होती. लेकीला बघून तिला आधी हसू आलं, मग रडू आलं, आणि मग ती थोडी रागावली.

"सकाळपासून इथंच होतीस, अन् आम्हाला पत्ता न्हाई," ती म्हणाली. "काय करून राह्यल्तीस गं एवढं?"

बाळानं मोठी जांभई दिली. मोनाली खाली वाकून ती बघत राहिली.

"काही न्हाई, आई," ती म्हणाली. "दवाखाना चालू ठेवून राह्यल्ते."