जास्तीची एक मोकळी जागा

तिने पाठवलेला पॅच, प्रोग्राममधल्या दुरुस्तीचा तुकडा, पुन्हा परत आला. सोबत बाबांचा ठरलेला शेरा: 'कामाचा बदल एका ओळीचा, रंगरंगोटी चाळीस ओळींची. घर झाडायचं तर वेगळ्या दिवशी झाडावं. काढून पाठव.'

ती खुदकन हसली.

"खाल्लीस बोलणी?" पलीकडच्या टेबलावरून भिंगाने विचारलं. चष्म्यामुळे सगळं ऑफिस त्याला भिंगच म्हणायचं.

"पोटभर."

"अगं, कंस सरकवू नयेत, मोकळ्या जागा चाळवू नयेत, हे पहिल्या आठवड्यात कळतं..." बोलता बोलता तोच ओशाळला आणि मान खाली घालून कामाला लागला.

प्रोग्राम लिफ्टच्या दाराचा होता. मिटताना मध्ये हात आला तर दार उघडायला किंचित उशीर करायचं. दुरुस्ती एका ओळीची. पण तिच्यासोबत आजूबाजूच्या ओळीही नीटनेटक्या करत बसलं, की तपासणाऱ्याची नजर त्या पसाऱ्यात हरवते आणि खरी चूक हातावर तुरी देऊन निसटते. बाबांनी हे तिला कॉलेजात असतानाच घोटून घोटून शिकवलं होतं.

तिने सगळी रंगरंगोटी पुसली. एका ओळीच्या शेवटी एक मोकळी जागा तेवढी राहू दिली आणि पॅच पाठवला.

चहाचा घोट घेईतो उत्तर हजर. 'कामाचा बदल एका ओळीचा, रंगरंगोटी एका ओळीची. घर झाडायचं तर वेगळ्या दिवशी झाडावं. काढून पाठव.'

दुपारी आईचा फोन आला. "आज काय म्हणाले गं?"

"घर वेगळ्या दिवशी झाड म्हणाले."

"स्वतः कधी झाडूला हात लावला नाही," आई म्हणाली. मग कितीतरी वेळ दोघींपैकी कुणीच फोन ठेवेना.

संध्याकाळी टीमप्रमुख मॅडम खुर्ची ओढून शेजारी बसल्या. "ते दार आजच दुरुस्त व्हायला हवं. कुणाचा तरी हात चेमटायचा."

"हो."

"मग काढ ना ती जागा."

"काढली की बाबा काहीच बोलत नाहीत, मॅडम."

मॅडमनी कीबोर्ड हळूच तिच्याकडे सरकवला.

तिने जागा पुसली. पाठवलं. पॅच निमूट स्वीकारला गेला. पडद्यावर एक शब्दही उमटला नाही.

मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "बाबा गेल्यावरही त्यांनी लिहिलेला हा आपोआप शेरे देणारा तपासणीचा प्रोग्राम मी वर्षभर चालू ठेवला, फक्त तुझ्यासाठी. आता बंद करू?"