रिकाम्या तळव्याची थाप

या, जवळ सरका. केरोबा मृदंगवाल्यांची गंमत सांगायचीय.

तोंडात चट्टा आला, तशी केरोबांनी तंबाखू सोडली. "मामंजी, सोडलीत तुम्ही, मेंदूनं नाही," डॉक्टर सून म्हणाली. "जुनी खूण दिसली की तो हटून बसेल. तेवढा वेळ हात गुंतवा, लाट ओसरते."

कीर्तनाच्या मध्यंतरात बुवांना हार घालत, तेव्हाच केरोबा तंबाखू मळायचे. काल हार दिसला आणि तोंडाला पाणी सुटलं. रिकाम्याच तळव्यावर अंगठा फिरला, वर सवयीनं थापही बसली, तीही माइकसमोर. लोकांना वाटलं, गजर सुरू! मंडपभर टाळ्या घुमल्या. बुवा अर्ध्या हारानिशी नाचू लागले. केरोबांना मृदंग धरावाच लागला. गजर थांबला, तेव्हा तल्लफ कधीच ओसरली होती.

पुढच्या गजरात केरोबांची आठवण ठेवा. टाळी लवकर थांबवू नका.