धूर आला की झाकणे

नाजिशने गच्चीवर टांगलेली, हवा तपासायची दोन्ही यंत्रं उघडली आणि आतल्या स्पंजच्या चकत्या पुन्हा पुन्हा उलटून पाहिल्या. मेहकरच्या हवेत सहा आठवडे राहूनही त्या दुकानातून आणल्यासारख्या पांढऱ्या होत्या.

एक यंत्र परदेशी. दुसरं तिनेच कॉलेजात बनवलेलं, स्टीलचे दोन वाडगे एकमेकांवर पालथे घालून. वीज नको, पंखा नको. जळक्या प्लास्टिकचं हवेतलं विष आपसूक चकतीत मुरायचं. दोन्हींचे आकडे जुळले, तर असं स्वस्त यंत्र जिल्ह्यातल्या गावोगावी लागणार होतं. नाही जुळले, तर तिची संशोधनाची तीन वर्षं पाण्यात.

आकडे जुळणारच होते. इथेही काही नाही, तिथेही काही नाही.

घरमालकीण वच्छलाबाई चहा घेऊन वर आल्या. खुशीत सांगू लागल्या. समोरचा पुंजाजी भंगारवाला तांब्यासाठी वायरी जाळायला बसला, की गुडघे धरत जिना चढून त्या दोन्ही यंत्रांवर पॉलिथिनच्या पिशव्या बांधत. एकदाही चुकल्या नव्हत्या. विश्वास बसावा म्हणून त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडरच आणलं होतं. चौकटीचौकटीत पेन्सिलीने लिहिलेलं: किती वाजता झाकलं, किती वाजता काढलं.

"तुमची वस्तू काळी पडली असती, त तुमाले काय तोंड दाखवलं असतं?"

"आणि तुम्ही, काकू?"

"आमचं काय, आमाले सवय हाय. हे बिचारं नवं हाय."

हेच आकडे पाठवले असते तर कॉलेजातले तिचे मार्गदर्शक खूश झाले असते, आणि नगरपालिकेने शुद्ध हवेचा फलकही लावला असता. नाजिश मात्र कॅलेंडरच बघत बसली. यंत्र सहा आठवड्यांची नुसती बेरीज सांगतं. धूर कोणत्या दिवशी आला, किती वाजता आला, हे परदेशी यंत्रालाही कळत नाही. वच्छलाबाईंना कळत होतं.

जुन्या चकत्यांच्या पाकिटांवर तिने 'झाकलेल्या' असं लिहिलं, नव्या बसवल्या. मुदत वाढवून मागावी लागणार होती, मागू, म्हणाली. काकूंना सांगितलं, आता झाकायचं नाही, फक्त वेळ लिहायची.

"मंग याले काळं होऊ द्याचं?"

"हो. त्याचं कामच ते आहे."

वच्छलाबाईंना हे फारसं पटलं नाही. तेवढ्यात समोरून धूर उठला. त्यांचा हात पिशवीकडे गेला आणि थांबला. त्यांनी चार वाजून दहा मिनिटं असं लिहिलं. मग जराशाने, पहिल्यांदाच, पदर स्वतःच्या नाकाला लावला.