आनंदचं मत

“आनंद बापूराव कुंजीर… नाही हो, या नावाचं कुणी यादीत नाही,” मतदारांच्या चिठ्ठ्या देणारा टेबलावरचा कार्यकर्ता म्हणाला आणि बापूरावांनी कुणी ऐकलं की काय म्हणून इकडंतिकडं पाहिलं.

मुलाचं नाव इथल्या यादीत नसणार हे त्यांना ठाऊक होतं. पण ते कुणी शोधायला सांगेल असं वाटलं नव्हतं. आपली आणि शेजारी उभ्या असलेल्या बायकोची, यमुनाबाईंची चिठ्ठी घ्यायची आणि मतदानाच्या शाळेकडे वळायचं, एवढाच त्यांचा बेत होता. आनंदचं नाव काढलं ते बरोबर आलेल्या शेजारच्या दीनानाथांनी.

“नाव कापलं की काय?” दीनानाथांचा आवाज चढला. तो चढला की कर्वेनगरचा अर्धा चौक ऐकायचा. सोसायटीतले चारपाच जण हातातला चहा सांभाळत जवळ सरकले.

“जाऊ द्या हो,” बापूराव म्हणाले. “तो कुठं इथं आहे? कंपनीनं बंगळूरला पाठवलंय त्याला.”

हे वाक्य ते वर्षभर म्हणत आले होते. खरी गोष्ट निराळी होती. सून वैष्णवी सैन्यात अधिकारी. लग्नात तिच्या गणवेशातल्या फोटोपाशी बापूराव पाहुण्यांना हाताला धरून नेत होते. मग तिची बदली पार ईशान्येकडच्या डोंगरात झाली आणि आनंदनं हिंजवडीतली नोकरी सोडून बॅग भरली. “बाबा, तिला बदली नाकारता येत नाही. मला नोकरी सोडता येते,” तो म्हणाला. बापूरावांच्या गळी ते उतरलं नाही. “बायकोच्या मागे बिऱ्हाड घेऊन निघालेला नवरा आपल्या घराण्यात आजवर झाला नाही,” असं ते बोलून गेले. तेव्हापासून बापलेकांचं बोलणंच थांबलं.

आनंद फोन करायचा तो आईला. यमुनाबाई फोन स्पीकरवर टाकून भाजी निवडत बसायच्या. बापूराव समोर पेपर धरायचे. पान मात्र उलटत नसे.

गेल्या आठवड्यात असाच फोन आला होता. “आई, आमचं मतदान झालंसुद्धा! मतपत्रिका पुण्याहून थेट इथल्या कॉम्प्युटरवर आली. युनिटच्या ऑफिसात छापून दिली. सैन्यातल्या माणसाबरोबर त्याचा जोडीदार राहत असेल तर त्यालाही असंच मत देता येतं. वैष्णवी एका खोलीत, मी दुसऱ्या. खूण केली, लखोटा चिकटवला, दिला पोस्टात धाडून.”

“तिनं कुणाला दिलं रे?”

“विचारलं मी. म्हणाली, मतदान गुप्त असतं, तू चहा टाक.”

यमुनाबाई खो खो हसल्या. पेपरामागे बापूरावांच्या मिशाही हलल्या. बँकेत असताना त्यांनी कितीतरी निवडणुकांची ड्युटी केली होती. मतदान चुकवणारा माणूस त्यांच्या लेखी घरावर तुळशीपत्र ठेवणाऱ्यासारखाच. आनंदनं पहिलं मत दिलं त्या दिवशी त्यांनी त्याला खांद्याला धरून अख्ख्या आळीत शाईचं बोट दाखवत फिरवलं होतं. आता पोराचं मत एवढ्या लांबून येतंय, याचं त्यांना कौतुक होतं. पण कौतुक सांगणार कुणाला? सांगायचं तर बंगळूर खोटं ठरत होतं.

“बंगळूर?” दीनानाथ म्हणाले. “संध्याकाळी बसमध्ये बसलं की सकाळी पुणं. पण नाही! या आयटीवाल्यांना मतदानाची सुट्टी म्हणजे लोणावळा. तुमचाही त्यातलाच निघाला म्हणायचा, बापूराव. बापानं जन्मभर निवडणुकांची ड्युटी करायची आणि लेकाला एक बटण दाबायला यायला नको!”

चहा पिणारे हसले. बापूरावांनी यमुनाबाईंकडे पाहिलं. पोराविरुद्ध अवाक्षर खपवून न घेणारी ही बाई आज पर्समध्ये चष्मा शोधत उभी होती.

“आमच्या वेळी असं नव्हतं,” दीनानाथांनी आणखी एक काडी टाकली. “असो. ज्याची त्याची जबाबदारी.”

“कोण बेजबाबदार?” बापूराव असे कडाडले की टेबलावरच्या कार्यकर्त्याच्या हातून चिठ्ठ्या सुटल्या. “तुमच्या सगळ्यांच्या आधी मत दिलंय माझ्या मुलानं! बंगळूर नाही नि काही नाही. नोकरी सोडून बायकोबरोबर राहतोय तो, तिच्या युनिटमध्ये. सैन्याच्या मतदारांची यादी वेगळी असते. तिच्यात आहे त्याचं नाव. मेजर वैष्णवी कुंजीर यांचा नवरा म्हणून! इथून मतपत्रिका गेली कॉम्प्युटरवरून आणि तिथल्या डोंगरातून पोस्टानं येतेय परत. आहे कुणाचा असा मुलगा?”

आता कोण हसतंय याची बापूराव वाट पाहत उभे राहिले. कुणीच हसलं नाही. आणि नवल म्हणजे, वर्षभरात पहिल्यांदाच त्यांना कडकडून भूक लागली.

“माहीत आहे,” दीनानाथ शांतपणे म्हणाले. “गणपतीत त्यानं तिथल्या जवानांना उकडीचे मोदक करून घातले, तो व्हिडिओ अख्ख्या सोसायटीनं पाहिलाय. तुम्ही ग्रुपवर नाही, त्याला आम्ही काय करणार? पारी जरा जाड होती, एवढंच.”

आता मात्र सगळेच हसले. बापूराव आ वासून एकेकाचं तोंड बघत राहिले. मग त्यांनाही हसू आवरेना. डोळे पुसत त्यांनी यमुनाबाईंपुढे हात केला. “लाव गं त्याला फोन. मी बोलतो.”

यमुनाबाईंचा फोन हातातच होता. आनंदचा नंबर लावून तो नवऱ्याला देता देता त्या वळून म्हणाल्या, “बघा दीनानाथभावजी, मी म्हटलं नव्हतं? पोरगा मत देत नाही एवढं नुसतं म्हणा, पुढचं सगळं हे आपणहून बोलतील.”