दाराबाहेरची उशी

आगीचा सराव संपला, तरी वृद्धाश्रमातल्या सिस्टरची मोजणी काही जुळेना. यादीत वीस माणसं आणि अंगणात एकोणीसच. चाकाच्या खुर्चीतल्या आजी कुणालाच दिसल्या नव्हत्या. पण वर तर प्रत्येक दाराबाहेर उशी होती. उशी ठेवली म्हणजे खोली रिकामी झाली, तिथं पुन्हा शोधायला जायचं नाही, असं तिनंच सगळ्यांना शिकवलं होतं. डोकं चालेना, तशी सातव्या महिन्याचं पोट सांभाळत ती जिने चढली. शेवटच्या खोलीत आजी निवांत बसल्या होत्या.

"बाहेर उशी कुणी ठेवली?"

"मीच."

"अहो आजी, खरीच आग लागली असती तर?"

"त्याचाच तर सराव करत होते. असं पोट घेऊन तू माझ्यासाठी वर येऊ नयेस, म्हणून."